आज कमांडर कोण?

घरात किस्से कसे साठतात, हे कुणी मला विचारावं. आम्ही भावंडं जमलो की कुणीतरी चहाचा कप खाली ठेवतं आणि म्हणतं, "राहुटीत आबा आले होते तेव्हा..." झालं, मग चहा गार होतो. परवा माझी नात समर कॅम्पहून आली आणि ऐटीत म्हणाली, "आजी, आम्ही तंबूत राहिलो!" मी म्हटलं, "बस खाली. आम्ही कुठं राहिलो होतो, ते ऐक आधी."

उंब्रजजवळ कृष्णेच्या काठी आमचं गाव. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली त्या थंडीत आमचे वडील, तात्या, इटलीहून मोठ्या रजेवर घरी आले. फौजेत हवालदार. मी थोरली, माझ्या पाठचा किसन, आणि धाकटी शेवंता. शेवंता पोटात असताना तात्या लढाईवर गेले ते थेट आता उगवत होते. सगळा गाव त्यांना हवालदार म्हणायचा, म्हणून तीही हवालदारच म्हणायची. पहिल्याच दिवशी आईच्या पदराआडून तिनं विचारलं, "हवालदार, तुमी जेवून जाणार का?"

सगळे हसले. तात्याही हसले, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

त्यातून साहेबानं त्यांना विचारून ठेवलं होतं, अजून काही वर्षं नोकरी करतोस की पेन्शनीवर घरी जातोस? रजा संपली की एक तर परत हजर व्हायचं, नाहीतर पेन्शन हवी म्हणून पत्र धाडायचं होतं. विषय निघाला की आई चुलीकडं उठून जायची. आबा, म्हणजे आमचे आजोबा, म्हणत होते, "नोकरी सोडू नगंस."

मग एके सकाळी त्यांनी लष्कराच्या लिलावातून आणलेली जुनी राहुटी बैलगाडीत टाकली आणि म्हणाले, "चला, समदी मळ्यात ऱ्हायला."

आबा भडकले. "चांगलं घर सोडून रानात पाल ठोकायचं? लोकं त्वांडात श्यान घालतील."

तात्या म्हणाले, "आबा, घरात मी पाव्हणा हाय. रानात समदीच पाव्हणी."

*

राहुटी नदीकाठच्या बांधाशी उभी राहिली. दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या वाडीतून एक भरलेली बैलगाडी आली. बायाबापड्या, पोरंसोरं, घोंगड्या, सगळा सरंजाम. पुढचा म्हातारा उतरला आणि विचारू लागला, "खेळ कवा हाय?"

त्यांना वाटलं, तमाशाचा फड उतरलाय!

आईनं तोंडाला पदर लावला. तात्यांनी समजावून सांगितलं, पण म्हातारा हलेना. "आता बैलं जुपून आलोय. काय तरी दावा."

आमचा किसन असा, की शाळेत मास्तरांनी नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायचा. त्या दिवशी तात्यांनी त्याच्या खांद्यावर ज्वारीचं कणसासकट उपटलेलं ताट दिलं आणि हुकूम सोडला. बंदूक खांद्यावर धरावी तसं ताट धरून, लेफ्ट-राइट करत, तो सबंध बांध फिरून आला. गाडीतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. मग हुरडा झाला. जाताना म्हातारा म्हणाला, "तमाशापरीस ह्येच बरं हाय गड्या."

त्या दिवसापासून किसनचा अंगठा जमिनीतून जो वर आला, तो आलाच.

*

राहुटीचा एक कायदा होता. रोज एकजण कमांडर. त्याच्या परवानगीशिवाय कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. तात्यांनासुद्धा हाच कायदा.

आईची कमांडर व्हायची पाळी आली. नवऱ्याला हुकूम कसा द्यायचा? शेवटी आगटीतल्या विस्तवाकडं बघत म्हणाली, "आवं... आज भाकरी तुमी थापा."

"जी," म्हणत तात्यांनी पीठ ओढलं. भाकरी अशी झाली, की किसन म्हणाला, "ह्यो इटलीचा नकाशा हाय का?" तात्या म्हणाले, "व्हय, आनि करपलंय तिथं आमी लढलो."

पण सांगायचं ते हे, की त्या दिवशी आई आमच्याबरोबर पंगतीला बसून गरम भाकरी जेवली. आधी कधी मी तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं. जेवण झाल्यावर तिनं शेरा मारला, "फौजेपुरती बरी हाय."

*

किसनच्या पाळीला आबा आले. थंडी वाढली होती, पोरं न्यायला आले होते. किसन ताट आडवं धरून उभा.

"थांबा! कोन हाय?"

"तुजा आज्जा हाय, मुडद्या."

"परवानगी न्हाई."

आबा म्हणजे सगळ्या भावकीचा धाक. त्यांनी राहुटीकडं बघून हाक मारली, "आरं, ह्या पोराला सांग काय तरी."

तात्या आतूनच म्हणाले, "आबा, मानूस ल्हान असंल, पर हुकूम ल्हान नसतो. तो म्हनतोय तर थांबायचं."

आबा बांधावर बसले. चंची काढली, पान लावलं. किसननं विचार केला आणि मग परवानगी दिली. आबा आत आले, आगटीपाशी टेकले, हुरडा खाल्ला, आणि पोरं न्यायची गोष्ट विसरले. तिथंच घोंगडी ओढून पडले. सकाळी उठल्या उठल्या विचारतात काय, "आज कमांडर कोन? माजी पाळी कवा?"

*

सगळ्यांची पाळी झाली, शेवंताची राहिली. ती "नगं" म्हणायची. तात्यांपासून चार हात लांब बसायची आणि निजायची आईच्या पलीकडं.

एकदा तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. कुणाला सांगायला नको म्हणून ती दिवसभर टाचेवर चालली. तात्यांनी ते पाहिलं. तिचा पाय मांडीवर घेतला आणि सुईनं काटा कोरू लागले. ती ओठ दाबून बसली. मग हळूच म्हणाली, "हवालदार, लढाईत लागलं की तुमी रडायचा?"

"व्हय."

"मग गप कोन करायचं?"

"कोनच न्हाई."

तिनं मुठीतला गुळाचा खडा, निम्मा खाल्लेला, त्यांच्या तळहातावर ठेवला. तात्यांनी तो खाल्ला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. बैलांना पाणी मी नुकतंच दाखवलं होतं.

*

रजा संपली. राहुटी गुंडाळली आणि आम्ही सगळे तात्यांना पोचवायला उंब्रजला गेलो. तेव्हा साताऱ्याकडं जाणारी सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. क्लीनरनं तात्यांची ट्रंक टपावर चढवली. आबांनी पाठीवर हात ठेवला, "साहेबाला सांग, नोकरी करतो म्हनून." आई रस्त्याकडं बघत होती. तात्यांनी एक पाय फूटबोर्डवर ठेवला.

तेवढ्यात आईच्या मागून शेवंता पुढं आली. अगदी मोटारीला चिकटून उभी राहिली.

"आज कमांडर कोन?"

तात्यांनी आमच्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "तुजीच पाळी ऱ्हायली हाय की."

"मग तात्या, परवानगी न्हाई."

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. क्लीनर ओरडला, "हवालदार, चला की, वाट किती बघायची?"

तात्यांनी पाय खाली घेतला. टाचा जुळवल्या, शेवंताला कडक सॅल्यूट ठोकला, आणि मान वर करून क्लीनरला म्हणाले, "ट्रंक खाली घे."