सही नको, अंगठा द्या

नगरला सावेडीत भाड्याचं घर बघायला गेलो त्या दिवशी वाटलं होतं, दुपारच्या एसटीनं ठरवूनच परत येऊ. बैल घ्यायला मला कधी दुसरा बाजार करावा लागला नाही, घराला कशाला लागेल, असा माझा हिशोब होता.

घर बघण्याचं कारण आमच्या मंडळी. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि दिवसाआड नगरला नेऊन मशीनवर रक्त साफ करायचं आलं. आता नगरचं अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय. गाव आमचं पारनेरच्याही पलीकडं. अंधारात उठायचं, पारनेरला गाडी बदलायची, तिकडं मशीनवर पडायचं आणि तसंच परत यायचं. येताना ती खिडकीला डोकं टेकवून बसायची आणि फाट्यावर उतरलं की तिला पुढं चालवायचंच नाही. डॉक्टर म्हणाले, दवाखान्याजवळ राहा, नाहीतर हा प्रवासच यांना संपवेल. मुलगा चाकणला कंपनीत. तो म्हणाला, अण्णा, इकडं या. मी त्याला सांगितलं, माझ्या बायकोला छप्पर मी देईन, तू तुझं बघ.

पहिल्या बंगल्याचे मालक रिटायर मास्तर निघाले. मी आपलं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आम्ही दोघंच, पोरंसोरं नाहीत, दंगा नाही. मला वाटलं, एवढं ऐकून ते खूश होतील. त्यांनी विचारलं, तरुण माणूस कोणी सोबत नाही का? दुखणं काय आहे तेही विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, कळवतो. मी बरेच दिवस त्यांच्या कळवण्याची वाट बघितली. तशी दुसऱ्या दोन ठिकाणीही बघितली. शहरात नाही म्हणायचं असलं की कळवतो म्हणतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग एक फ्लॅट मिळाला. खालचाच, एकही पायरी नाही, दवाखाना चालत जाण्याएवढा. आत बनियनवर एक माणूस कुंडीला पाणी घालत होता. त्यानं सगळं घर फिरवून दाखवलं, चहा पाजला. मी भाडं ठरवलं, पाण्याची वेळ विचारली, मोरीजवळची ओल दाखवून ती काढून घ्या म्हणून बजावलं. तो प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता. शेवटी मी म्हणालो, मग शब्द द्या. तेव्हा तो कसानुसा हसला. म्हणाला, काका, मी पण भाडेकरूच आहे, आज रात्रीच सामान हलवतोय. ज्याची चूल पेटती त्याचं घर, एवढंच आजवर मला माहीत. त्याच्याशी मी अर्धा तास कशाबद्दल बोललो, हे मला अजून उलगडलेलं नाही.

मालक पुण्यात. भाडेकरूनं एका एजंटचा नंबर दिला, एजंटनं मोबाईलवर मालक दाखवला. मला त्याचं नुसतं कपाळ आणि वर फिरणारा पंखा दिसला. कपाळ म्हणालं, माझी हरकत नाही, पण अॅग्रीमेंट झाल्याशिवाय चावी नाही, आणि रविवारी दुसरी पार्टी घर बघायला येणार आहे. मी म्हणालो, उद्याच करू.

दुसऱ्या दिवशी मंडळींचा मशीनचा दिवस. दवाखान्यातून तशीच तिला रिकाम्या फ्लॅटवर आणली. ती भिंतीला टेकून फरशीवर बसली, हाताला पट्टी तशीच. मी धुतलेला सदरा घालून, खिशाला पेन लावून आलो होतो. पेनाचं सांगायला पाहिजे. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण सही शिकलो. माझ्या वडिलांचा गावच्या सोसायटीत कर्जाच्या कागदावर अंगठा घ्यायचे आणि ते निळा अंगठा डोक्याच्या केसांना पुसत बाहेर यायचे. ते बघून मी पाटीवर घोटून घोटून नाव गिरवलं होतं. बँक असो, तलाठी असो, माझी सही ओळभर, शेवटच्या वेलांटीसकट.

एजंटनं मांडीवर लॅपटॉप उघडला आणि काडेपेटीएवढी लाल दिव्याची डबी पुढं केली. मी पेनाचं टोपण काढलं.

"पेन नको बाबा. अंगठा द्या."

मी म्हणालो, मी अंगठेबहाद्दर नाही, सही करतो. तो म्हणाला, इथं सही चालत नाही, डॉक्टर काय आणि वकील काय, सगळे अंगठाच देतात. मालकानं सकाळीच पुण्यात दिला. मी विचारलं, मालक किती शिकलाय? तर म्हणाला, इंजिनीअर आहे. माझं डोकंच चालेना. जे टाळायला मी शाळेत गेलो, तेच शिकलेले लोक आता आपण होऊन करतात, आणि मी सही करतो म्हणून अडतो. मी पेन तसंच धरून बसलो.

मंडळी मागून म्हणाल्या, "अवो, द्या की. तुमच्या सहीवर मला अंग टाकायला येनार हाय का?"

दिला. डबीनं नाही म्हटलं. पुन्हा दिला. डावा दिला. मग एकेक बोट. एजंटनं माझा अंगठा ओल्या रुमालानं पुसला, कोरडा केला, खिशातून क्रीमची डबी काढून चोळला. परत नाही. त्यानं अंगठा उजेडात धरला आणि म्हणाला, बाबा, यावर रेषाच उरल्या नाहीत.

मी विचारलं, "मग मी कोण म्हणायचा?"

"तुम्ही तुम्हीच आहात हो. मशीनला पटत नाही, त्याला मी काय करू?"

आधार कार्ड त्याच्या हातात होतं, त्यावर माझा फोटो होता, मी समोर बसलो होतो. तरी पटत नव्हतं. तो म्हणाला, मुलाच्या नावानं करून टाका, तो तिकडूनच अंगठा देईल, दहा मिनिटांचं काम. मी उठलो आणि टोपी घातली. घर शोधलं मी, शब्द टाकला मी, आणि नाव पोराचं? चल म्हणालो तिला.

ती उठली नाही. तिनं पट्टी नसलेला हात पुढं केला आणि एजंटला म्हणाली, "माझा लावून बघा."

मला हसूच आलं. माझ्यापेक्षा तिचे हात जास्त राबलेले. खुरपं, शेण, विळा, चुलीपुढं भाकऱ्या. माझा घेत नाही तो तिचा कुठला घेतोय? एजंटनं तिचा अंगठा डबीवर ठेवला आणि एका दमात हिरवा दिवा लागला.

तो म्हणाला, आजी, तुम्ही कामं कधी सोडली? ती म्हणाली, दुखणं लागल्यापासून न्हाई काही.

मी तिचा अंगठा हातात घेऊन बघितला. मऊ झाला होता. बारीक बारीक रेषा उगवून आल्या होत्या, लहान पोराच्या असाव्यात तशा. काम सुटलं म्हणून रेषा आल्या आणि दुखणं आलं म्हणून काम सुटलं. आनंद मानावा की काय करावं, मला कळेना. मी तिचा हात तिच्या मांडीवर ठेवून दिला.

एजंटनं कागदातलं नाव वाचून दाखवलं. भाडेकरू म्हणून तिचं नाव, पुढं माझं, मग आडनाव. म्हणाला, बघा, मधे तुम्ही आहातच की. मला ते समजावणं वाटलं की टोमणा, सांगता येत नाही. चावी त्यानं तिच्या हातात दिली. फोनवर मुलाला कळवलं तर तो म्हणाला, अण्णा, आता आईला विचारून राहा.

मुक्कामाला आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. मशीनवरून आल्यावर ती आत झोपली होती. मी दूध आणायला बाहेर पडलो आणि मागं दार आपोआप लागलं. त्या कुलपाची मला अजून सवय नव्हती. बेल वाजवून तिला उठवावंसं वाटेना, म्हणून पिशवी घेऊन दारातच उभा राहिलो. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई बाहेर आल्या. मला खालीवर बघून म्हणाल्या, काका, कोणाकडे आलात?

गावात हे मला कुणी विचारलेलं नाही. मी म्हणालो, घर आमचंच आहे. त्या म्हणाल्या, तसं नाही, कोणाच्या नावावर आहे? इथं नवीन माणसाचं विचारावं लागतं. मालकाचं नाव घ्यावं तर तो नुसतं कपाळ. माझं सांगावं तर ते खोटं. मग मी तिचं नाव घेतलं. तिचं नाव मी चारचौघांत लग्नात, उखाण्यात घेतलं होतं. त्यानंतर अगं, ऐकलं का, यावरच भागलं. आता ते परक्या बाईपुढं तोंडातून निघालं तर मला माझाच आवाज ओळखू येईना. बाई म्हणाल्या, बरं बरं, त्या आजी होय, आणि आत गेल्या.

घरातून हाक आली. माझं बोलणं तिला ऐकू गेलं असणार.

"कोन हाय?"

मी म्हणालो, "मीच. सावकाश ये, घाई करू नको."