पुलाचा कोपरा

माझी नणंद भूमापन कार्यालयात नकाशे बसवते. कापडावर चिकटवलेला जुना नकाशा एका अंगाने आकसतो, दुसऱ्या अंगाने ताणतो. कागदावर आणि जमिनीवर दोन्हीकडे सापडतील अशा खुणा धरून, त्याला ओढून, फिरवून, तिरका करून ती खऱ्या जागेवर आणते. बाई मुलखाची काटेकोर. आमच्याकडे आली की भिंतीवरची तसबीर सरळ केल्याशिवाय पाण्याला हात लावत नाही. मला त्याचा रागच येई.

मग आमच्याच वस्तीचा नकाशा तिच्या टेबलावर आला. तिने विहीर, हद्दीचे चार दगड आणि पुलाचा कोपरा धरला. बाकी सगळं जुळलं, पुलापाशी गाडं अडलं. ती जाऊन पाहून आली. पूल मागे कधीतरी रुंद केला होता, जुना कोपरा नव्या बांधकामात गडप झाला होता. ती खूण सोडायलाच हवी होती. पण सोडली की आमच्या स्वयंपाकघराची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत जात होती.

हे तिने आधी घरी येऊन सांगितलं. ह्यांनी बहिणीला समजावलं, मग आवाज चढवला. पूल राहू दे, कुणाच्या लक्षात येतंय, असं त्यांचं म्हणणं.

"दादा, नकाशात एकटं घर हलत नाही," ती म्हणाली. "तुझी भिंत वाचवली तर सगळ्यांची सरकते."

तिने पूल सोडला आणि ह्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मीही तिला नाही नाही ते बोलले. ओटा माझा जाणार होता.

भिंत दुसऱ्या कुणी पाडण्यापेक्षा आपणच उतरवायची असं शेवटी ठरलं. त्या सकाळी ती मोजणीची टेप घेऊन दारात आली. टेप एकटीला धरता येत नाही. ह्यांनी तोंड फिरवलं. मला तिची फार दया आली, मी पुढे होणार तेवढ्यात ह्यांनीच टेप हातात घेतली.

ती बाहेर हद्दीच्या दगडापाशी शून्य धरून बसली. हे टेप सोडत स्वयंपाकघरात आले. तिथून दोघं एकमेकांना दिसत नव्हती. तिने मोठ्याने आकडा सांगितला. खडू घेऊन हे थबकले. वीतभर भिंतीकडे रेघ ओढली असती तर ओटा वाचला असता. ह्यांनी आकडा पुन्हा पाहिला आणि ओट्याच्या मधोमध रेघ ओढली.

"येऊन तपास," ते म्हणाले.

"कशाला?" ती बाहेरूनच म्हणाली. "तू बघितलंस ना."

हे खडू हातात धरून तिथेच रडले.