सोन्याचा निळा फोटो आणि मेणाचे तीन हात

काच नको, असं शांताकाकूंनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

ऑर्डर साधी होती. गुडीहत्नूरच्या पुढच्या एका गावातून काकू आणि नामदेवभाऊ आदिलाबादला माझ्या स्टुडिओत आले होते. त्यांचा सोन्या नावाचा बैल हिवाळ्यात म्हातारा होऊन गेला. चौदा वर्षं त्यांच्या शेतात राबलेला. आता घरी ट्रॅक्टर होता, पण पोळ्याला पुजायला बैल नव्हता. मोबाइलमध्ये सोन्याचा एक फोटो होता. त्याची पूजा करायची, असं काकूंनी ठरवलं होतं. माझ्या भिंतीवरचे निळे प्रिंट पाहून तसाच पाहिजे म्हणाल्या.

हे प्रिंट मशीनमधून निघत नाहीत. जाड कागदावर हाताने केमिकल लावायचं, वर निगेटिव्ह ठेवायची, उन्हात तापवायचं आणि पाण्यात धुवायचं. चित्र निळं उमटतं. त्याला सायनोटाइप म्हणतात. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि हैदराबादहून फोटोग्राफीची डिग्री घेऊन आले ती याच्याच नादाने. पोट मात्र पासपोर्ट फोटोंवर चालतं. हातच्या प्रिंटची गावातून आलेली ही पहिलीच ऑर्डर.

मी म्हटलं, "काकू, काच लावली तर प्रिंट टिकेल."

"काचीवर टिळा लावला तर तो काचीले लागते, माय. सोन्याले कुठं लागते?"

यावर कॉलेजात काही शिकवलेलं नव्हतं.

मी त्यांच्याकडून त्यांच्या देवघरातलं कुंकू मागवून घेतलं. एका चाचणीच्या प्रिंटवर ओल्या बोटाने टिळा लावला. अर्ध्या तासाने पुसला, तर सोन्याच्या कपाळावरचा निळा रंगच गेलेला. फिक्कट डाग उरला होता. कारण सोपं आहे. गावाकडचं कुंकू हळदीत चुना घालून करतात, आणि या निळ्या रंगाला चुना सोसत नाही. म्हणजे काकूंनी भक्तिभावाने पहिला टिळा लावला की सोन्या कपाळापासून पुसला जाणार.

पोळ्याला बारा दिवस होते.

उपाय मेणाचा. मधमाशीचं मेण लॅव्हेंडर तेलात पातळ करून प्रिंटवर चोळतात. कागदाची छिद्रं बुजतात, पाणी आत जात नाही, आणि गडद निळा आणखी खोल दिसतो. उटनूरच्या बाजारात जंगलातला मध विकणाऱ्या बाईकडून मेणाचा गोळा आणला. त्यात मधमाश्यांचे पंखही होते. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून मेण वितळवलं आणि मलमलच्या कपड्यातून गाळलं. थेट आचेवर मेण ठेवायचं नसतं, पेट घेतं.

मग मी चूक केली. जास्त लावलं तर जास्त टिकेल, असं वाटून मी मेण थापलं. वाळल्यावर प्रिंट दुधाळ दिसू लागला. सोन्या धुक्यात उभा आहे असं वाटे. नेमके तेव्हाच नामदेवभाऊ काम पाहायला आले. त्यांनी बोट टेकवलं, तर ठसा उमटला.

"कालेजात हेच शिकवते काय, बाई? अशी ओसरी तर आमची बुढीबी सारवते."

मी हैदराबादला माझ्या कॉलेजातल्या मॅडमना फोन केला. सगळं ऐकून त्या तेलुगूत एकच शब्द म्हणाल्या, "पलुचगा." म्हणजे पातळ.

नवा प्रिंट केला. आभाळ असल्याने उन्हात दुप्पट वेळ ठेवावा लागला. मेणाचा पातळ हात दिला. हेअर ड्रायरने जरा गरम केला, म्हणजे मेण कागदात मुरतं. मग जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने चमक येईपर्यंत घासला. असे तीन दिवसांत तीन हात. शेजारी चाचणीच्या तुकड्यालाही तसेच तीन हात देऊन त्यावर काकूंचं कुंकू लावलं. सकाळी पुसलं तर निळा जसाच्या तसा. मी स्टुडिओत एकटीच हसत बसले.

पोळ्याच्या दोन दिवस आधी प्रिंट दिला. टिळा चालेल, नंतर कोरड्या कपड्याने पुसा, उन्हात ठेवू नका, असं सगळं समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला.

"बाई, तुमी कुंकवाचं सांगतलं. लोण्याचं काई सांगतलं नाई."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदमळणी असते. जू वाहून थकलेल्या खांद्याला लोणी आणि हळद चोळतात. मी याच मुलखातली, माझे वडील आयुष्यभर हे करत आले, आणि मीच विसरले. काकूंनी पळसाच्या पानाने सोन्याचा खांदा रीतसर मळला होता.

मी ड्रायर आणि मेण घेऊन स्कूटीवर निघाले. पोचले तेव्हा काकू फोटोसमोर बसून, बैलाला म्हणतात तसं, म्हणत होत्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी लोणी हलक्या हाताने टिपून काढलं. मेण टिकलं होतं. निळा कुठेही गेला नव्हता. पण लोण्यातली हळद मेणात उतरली होती. निळ्या बैलाचा खांदा हिरवट झाला होता.

"काकू, मी मेण काढून पुन्हा लावून देते. चार दिवस द्या."

"काऊन? खांद मळल्यावर खांदा पिवळा होतेच. काल नुसता फोटो होता तो. आता सोन्या दिसते." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू बी आवतन घे."

दुसऱ्या दिवशी मी गेले. गावच्या तोरणाखाली बैलांच्या रांगेत भाऊ फोटो छातीशी धरून उभे होते. झूल फोटोलाही होती. पुरणपोळीचा पहिला घास काकूंनी प्रिंटला लावायला हात उचलला, तेव्हा मात्र भाऊंनी फोटो मागे घेतला. "मेणाची परीक्षा पुरे कर आता," म्हणाले. सगळी रांग हसली.

हिरव्या खांद्याचा तो प्रिंट मी आजवर केलेल्या कामात सगळ्यात चांगला आहे. माझ्या ऑर्डरच्या कागदावर साइज आणि कागदाचा प्रकार यांच्या खाली आता एक ओळ वाढली आहे: 'फोटोला काय काय लावणार?' गेल्या आठवड्यात एकाने तिथे लिहिलं, 'दूध.' मेण तापत ठेवलं आहे.