रोज संध्याकाळी बंद होणारं मशीन

उज्जैन आणि नागदा मिळून तीन खोल्यांमधले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला लावणारं मशीन मी निवडलं, हे मी कुणी न विचारताही सांगते. घरचे कंटाळलेत. पाहुणे चहाचं निमित्त करून उठतात. उठू देत. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, आणि गावात हे काम केलेलं दुसरं कुणी माझ्या तरी माहितीत नव्हतं.

उदारीकरणाचे दिवस होते. टावर चौकात सायबर कॅफे निघाले होते आणि जो तो आपल्या दुकानाच्या पाटीवर ‘कॉम्प्युटराइज्ड’ लिहून घेत होता. मी उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळायला होते. लॅब एका मराठी डॉक्टरबाईंची. रक्त तपासायची सगळी यंत्रं फ्रीगंजला, आणि नमुने गोळा करायच्या दोन जागा आणखी: एक देवास गेटला बस स्टँडसमोर, दुसरी नागद्याला. पेशंटने देवास गेटला रक्त द्यायचं, नमुना फ्रीगंजला यायचा आणि रिपोर्टमधले आकडे आम्ही फोनवरून ओरडून सांगायचे. पलीकडचा माणूस खात्रीसाठी ते पुन्हा मोठ्याने म्हणायचा.

एकदा असाच एका मुलीचा रिपोर्ट बाकावर बसलेल्या बाईने ऐकला. ती बाई मुलीच्या होणाऱ्या सासरची निघाली. लग्न मोडलं नाही, पण मुलीची आई डॉक्टरबाईंसमोर येऊन रडली. बाईंनी त्याच दिवशी मला बोलावलं.

“तिन्ही जागा जोडायच्या,” त्या म्हणाल्या. “रिपोर्ट इथून निघेल तो सरळ तिथल्या प्रिंटरवर. मधे कुणाच्या कानावर नको, डोळ्यासमोर नको. जमेल तुला?”

“जमेल,” मी म्हणाले. मला काही जमत नव्हतं, पण तोंड माझं आधीपासूनच पुढे.

दोन महिने मी वाचत बसले. प्रत्येक जागी एक मशीन हवं. ते आपला मजकूर कुलूपबंद करून इंटरनेटवरून पाठवेल, पलीकडचं मशीन तेवढं तो उघडू शकेल, आणि बाहेरून कुणी डोकावलं तर दार लावून घेईल. यासाठी लागणारी प्रणाली फुकट मिळत होती. प्रश्न एवढाच उरला, की ती चालवायची कशावर? मी ऐटीत नवा कोरा कॉम्प्युटर मागितला. ताकदवान प्रोसेसर, मोठी हार्ड डिस्क, चकचकीत डबा. देवास गेटच्या कोपऱ्यात तो बसवला, मॉनिटर आणि कीबोर्ड काढून घेतले, आणि पहिला रिपोर्ट तिथल्या प्रिंटरमधून सरसर बाहेर आला तेव्हा मी सगळ्या स्टाफला पेढे दिले. पेढ्यांची घाई झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवास गेट मुकं. मी जाऊन मॉनिटर जोडला. डिस्क नीट बंद झाली नव्हती, ती तपासू का, असं विचारत मशीन अडून बसलं होतं. उत्तर द्यायला तिथे कीबोर्डच नव्हता. तपासणी केली, चालू झालं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी तर डिस्कमधून कट्‌कट् आवाज येऊ लागला.

कारण कळायला वेळ लागला नाही. देवास गेटची जागा मामा सांभाळत. मामा म्हणजे डॉक्टरबाईंच्या वडिलांच्या दवाखान्यापासूनचे कंपाउंडर, साठीला आलेले, सगळ्यांचेच मामा. ते रोज संध्याकाळी सातला सुया मोजून ठेवत, झाडून घेत, देवाच्या फोटोला हात जोडत आणि जाताना मेन स्विचचा खटका खाली ओढत. सगळी वीज बंद. मशीन चालत असलं तरी बंद.

“मामा, हे असं अचानक नाही बंद करायचं!” माझा आवाज चढला.

“मग कसं बंद करू, ताई?”

“बंदच नाही करायचं. रात्रभर चालू राहू दे.”

“रात्रभर लाइट चालू? रिकाम्या दुकानात?” मामा असे बघत राहिले जणू मी चूल पेटती ठेवून गावाला जायला सांगितलं होतं. “ना ताई, ये तो नहीं होगा.”

मी मेनच्या पाटीवर लाल अक्षरांत कागद चिकटवला: बंद करू नये. संध्याकाळी मामांनी कागद जपून वर उचलला, खटका ओढला आणि कागद पुन्हा नीट खाली सोडला. बॅटरीवर चालणारं उपकरण लावून पाहिलं. ते वीस मिनिटं किंचाळायचं आणि मग तेही मान टाकायचं.

इकडे इंदूरच्या एका कंपनीचा माणूस टाय लावून डॉक्टरबाईंकडे यायला लागला होता. त्याच्याकडे तयार मशीन होतं, पण अट एकच, चोवीस तास वीज. बाईंनी मला आत बोलावलं. “हे बघ, मी पुन्हा फोनवर ओरडायला लागले आहे. आठ दिवस देते. नाहीतर काम इंदूरवाल्यांना. आणि ते आले की कॉम्प्युटर तेच बघतील.” म्हणजे माझी नोकरी गेली, हे त्यांनी तोंडाने म्हटलं नाही. मला ते ऐकू आलं. दाराशी नमुने घेऊन आलेल्या मामांनाही ऐकू आलं असणार, पण तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नाही. माझ्या डोक्यात संताप होता, आणि तो सगळा त्या म्हाताऱ्यावर होता.

त्याच संध्याकाळी मी देवास गेटला जाऊन बसले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला सांगू. मामांनी सुया मोजल्या, झाडलं, हात जोडले. खटक्याकडे हात गेला तसं मी म्हणाले, “मामा, का पण? एवढं सांगून का?”

मामांनी भिंतीवरचं मोठं कॅलेंडर उचलून धरलं. मागची भिंत छतापर्यंत काळी होती. अकरा वर्षांपूर्वी रात्री तारेत ठिणगी पडली होती. मेन चालू राहिला होता. मेन बंद करायचं काम मामांचंच होतं, आणि त्या दिवशी ते भाचीच्या लग्नाला जायच्या घाईत विसरले होते. शेजारच्या कापड दुकानाचाही निम्मा माल गेला होता.

“तबसे एक दिन नहीं भूला,” ते म्हणाले आणि खटका ओढला. मशीनचा पंखा घरघरत थांबला.

मला लाज वाटली. आणि घरी जाताना, लाजेतूनच असेल, मला सरळ दिसायला लागलं. मी चुकीचा प्रश्न सोडवत होते. मशीनसाठी माणूस बदलू बघत होते. रोज सातला वीज जाणारच, हे धरून मशीन निवडायला काय हरकत होती? रात्री कुणाला रिपोर्ट हवा असतो?

मग मी माझी ऐट एकेक करून उतरवली. डिस्क नको, कारण फिरता भागच अचानक वीज गेल्यावर मरतो. त्याऐवजी कॅमेऱ्यात घालतात तसलं लहान कार्ड. प्रणाली त्यावरून वाचायची, मेमरीत चालवायची आणि कार्डावर एक अक्षरही लिहायचं नाही. मग वीज कधीही जावो, बिघडायला काही उरतच नाही. ताकदवान प्रोसेसरही नको. आमच्या फोनच्या लाइनचा वेगच इतका बेताचा, की त्याला पुरेल एवढं कुलूप लावायला जुना प्रोसेसर भरपूर होता. आणि सगळ्यात मजेची गोष्ट बटणाची. नव्या कॉम्प्युटरला वीज आल्यावर कुणीतरी बटण दाबावं लागे. जुन्याचं बटण दाबलं की आत अडकून राही. मेन वर केला की तो आपोआप जागा होणार. म्हणजे गावाने अडगळीत टाकलेला डबाच आमच्या कामाचा होता.

तसले तीन डबे फ्रीगंजमध्येच मिळाले. कार्ड बसवायचे जोड मात्र इंदूरला गेल्यावर मिळाले, तेही चौथ्या दुकानात. तो आठ दिवसांतला सहावा दिवस. परतीची बस देवास गेटला आली तेव्हा आठ वाजायला आले होते. उतरले तर समोर आमच्या जागेचं शटर खाली, पायरीवर मामा बसलेले, मांडीवर जेवणाचा डबा उघडलेला. आणि शटरच्या फटीतून उजेड येत होता.

“मामा, घरी नाही गेलात?”

ते जरा ओशाळले. “मेन चालू रखा है, ताई. म्हटलं तुमची मशीन मरायला नको. चार दिवस झाले.” मग म्हणाले, “चालू ठेवून घरी झोप नाही येत. इथेच पडतो. आठ दिवसांचीच तर बात आहे.”

चार दिवस देवास गेट एकदाही मुकं झालं नव्हतं. मी कामाच्या नादात का म्हणून विचारलंही नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसले. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

“शटर उघडा,” मी म्हणाले. “मेन मी बंद करते.”

“और मशीन?”

“मरू दे. उद्या दुसरं आणते.”

तो खटका इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. मामा घरी गेले. मीही गेले.

सातव्या दिवशी तिन्ही डबे तयार केले. आठव्या दिवशी डॉक्टरबाई स्वतः देवास गेटला आल्या. इंदूरचा टायवालाही मागोमाग आला. मी मामांना म्हटलं, “करा बंद.” त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि खटका ओढला. वर केला. पुन्हा ओढला. असं सात वेळा. सातव्यांदा मेन वर केल्यावर आम्ही सगळे कोपऱ्यातल्या त्या कळकट डब्याकडे बघत उभे राहिलो. मोडेम किरकिरला. दोन मिनिटं गेली. मग प्रिंटर हलला आणि फ्रीगंजहून पाठवलेला रिपोर्ट बाहेर आला. रिपोर्ट मामांच्याच रक्ताचा होता, सकाळी त्यांनी हट्टाने दिलेल्या.

बाईंनी तो वाचला नाही. उलटा करून मामांच्या हातात दिला. मग टायवाल्याला म्हणाल्या, “हमारी इंजीनियर है ना.” मला इंजिनीअर म्हणणाऱ्या त्या पहिल्या. माझ्याकडे साधा डिप्लोमा होता.

मामांनी रिपोर्टची घडी करून वरच्या खिशात ठेवली. संध्याकाळी सातला त्यांनी सुया मोजल्या, झाडलं, हात जोडले, मेन बंद केला आणि माझ्याकडे वळूनही न बघता सायकल काढून घरी गेले.