पिवळा उचलणारी

चित्रांच्या दालनात राखणीला बसणाऱ्या बाईंना सगळे घारमावशी म्हणत. नजरच तशी. घरी सून दूध तापवायला घेई, त्याआधी मावशी बोटभर चाखून त्यात पाणी किती ते ठरवत. नवऱ्याने कधी आपणहून चहा करून दिला, तर "आज काय फोडलंत?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

दारावर 'आधुनिक भारतीय कला' अशी पाटी होती. त्या कलेवर मावशींचा काडीचा विश्वास नव्हता. समोरच पिवळ्याधमक रंगात एक पाठमोरी बाई. ही तोंड का लपवतेय, असं त्यांना रोज वाटे. पण मागे कुणीतरी याच चित्राचा कोपरा नखाने खरवडला होता आणि साहेबांनी बजावलं होतं, "पुन्हा ओरखडा दिसला, तर तुम्ही घरी बसायचं." तेव्हापासून मावशींचा जीव त्या पिवळ्यात अडकला होता.

आज एक कॉलेजची मुलगी तिथून हलेना. पुढे काय जाई, मान तिरकी काय करी. मग फोनवर दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, हा पिवळाच उचलते. बाईंना पत्ताही लागायचा नाही."

बाई म्हणजे आपणच, यात मावशींना शंका उरली नाही. मुलीचा हात पिशवीत गेला, तसं त्यांनी तिचं मनगट धरलं.

"काय उचलतेस गं?"

"रंग, मावशी."

"कशानं? नखानं की ब्लेडनं?"

मुलीने मूठ उघडली. आत दोऱ्याची रिळं, सगळी पिवळी. ती विणकाम शिकत होती. "कॉलेजात सांगितलंय, स्वतःचा रंग शोधून आणा. मी इथला दोऱ्याशी जुळवून नेते. आमच्या बाईंना काय कळतंय कुठून आणला."

"म्हणजे चोरीच की."

"तशी चोरीच," मुलगी हसली.

मावशी हसल्या नाहीत. "जुळव. पण हात मागे बांधून."

"मग रीळ कोण धरणार?"

"मी धरते. तू लांबून बघ."

मनासारखं रीळ मिळालं, तशी मुलगी गेली. दिवे मालवण्याआधी मावशींनी चित्र अगदी जवळून न्याहाळलं. ओरखडा नव्हता. पिवळा मात्र सकाळपेक्षा जरा कमी वाटला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि उद्यापासून पिशव्या दारातच ठेवून घ्यायच्या, असं ठरवून कुलूप लावलं.