गुडघ्याची नक्कल

आमच्या देऊळघाटच्या पोस्टातले बाबू आधी मुंबईच्या एका गिरणीकडून पगारावर फुटबॉल खेळत होते. गुडघा पुन्हा पुन्हा सुजाले लागला, तसे खेळ सोडून आमच्या गावात नोकरीवर आले. खुर्चीत बसताना ते टेबल धरत, मंग हातानं पाय उचलून आत घेत अन् पायालेच म्हणत, "हाव, हाव, झालं."

मी चहाच्या हॉटेलात त्यायची हुबेहूब नक्कल करायचो. सारे पोट धरून हसत. एकदा ते मागंच उभे होते.

"चुकलं बे," ते म्हणाले. "डावा नाई, उजवा. अन् पायरी उतरताना जास्त दुखते."

त्यायनं मले पायरीवर दोनदा लंगडायले लावलं. जमलं तसे हसले.

"आता मी बॉलमागं पयत कसा होतो, ते करून दाखव."

मी उभाच राह्यलो. त्यायले पयताना गावात कोणीच पाह्यलं नव्हतं.