शेवटच्या रिळाचा डबा

हसनाबादचा आमचा भुजंग म्हणजे तंबू-थेटराचा सायकल स्टँडवाला. त्याचे किस्से सांगायला मला कधीही बसवा, चहासुद्धा लागत न्हाई!

एकदा तंबूत जुना इंग्रजी सिनेमा लागला, काळा-पांढरा. मेमसाब आणि साहेब भांडतात अन् भांडता भांडता एकमेकांत गुंततात. भाषा कुणाच्या बापाला कळत नव्हती, पण भांडण बराबर कळायचं. ती त्याच्या टोपीवर बसते, तर हा तीच चपटी टोपी घालून ऐटीत निघतो! बायका डोळे पुसून हसायच्या.

भुजंग रोज बघायचा. फक्त शेवटचं रीळ सोडून. ते लागलं की त्याला सायकली द्यायला बाहेर उभं राहावं लागे. मी शेवट सांगू लागलो की कानात बोटं घालायचा. "धर्मा, गप. मी माझ्या डोळ्यानं बघीन."

तंबू उठला तेव्हा मालकाकडून त्यानं त्या सिनेमाचे सातही डबे मागून घेतले. ठेवले कसे? बियाणं ठेवावं तसे! कडुनिंबाचा पाला घातला, झाकणाच्या फटी मेणानं बुजवल्या. चाळीस वर्षं उघडले न्हाईत. हवा लागली की कीड पडते म्हणे.

"इतकं मला जपलं असतं तर!" उषावहिनी म्हणायच्या.

यंदा पुण्याहून अंतरा नावाची पोरगी आली. जुन्या सिनेमांची रिळं जमवते. "आजोबा, याच्या प्रती जगात फार थोड्या उरल्यात. आधी तुम्हाला दाखवते, मग नेते." मशीनही आणलं होतं. भुजंगनं भिंतीला चुना दिला, वहिनी नवं लुगडं नेसल्या.

झाकण निघालं अन् नासलेल्या लोणच्यासारखा आंबूस भपका आला. आत रीळ कसलं, त्याची चिकटून गुळासारखी ढेप झालेली! सातही डब्यांत तेच.

"हवा कोंडली की फिल्म स्वतःलाच खाते," अंतरा हळूच म्हणाली. "उघडी ठेवली असती तर..." तिनं एकही डबा नेला न्हाई. त्या वाफेनं तिची बाकीची रिळं खराब झाली असती.

ती गेली. पांढऱ्या भिंतीकडं बघत भुजंगनं पहिल्यांदाच विचारलं, "धर्मा, शेवट काय व्हता रे?"

मी तोंड उघडलं. चाळीस वर्षं तो शेवट गावभर सांगितला, दर वेळी पदरचं थोडं घालून. आता त्यातला खरा कोणता, मलाच आठवेना.

भुजंग माझ्या तोंडाकडं बघत राह्यला.